माझ्या फायली, वहिनीचा कॉम्प्युटर

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा सुरुवातीला मी एकच काम केलं, तिच्यात खोट शोधली. भाकरी बघितली, तर तव्यावर टम्म फुगायची आणि कडेला चीर म्हणून नसायची. झाडलोट बघितली, तर धान्याच्या कणग्यांमागंसुद्धा जाळं ठेवायची नाही. बोलणं बघितलं, तर आईला "अहो आई" आणि मला "शिवाताई", मी तिच्याहून लहान असून. नाव राजश्री, माहेर अंबाजोगाईचं, कॉलेज झालेलं, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. बाकी सगळं मी पोटात घातलं असतं, पण या डिप्लोम्यानं माझ्या अंगाचा भडका उडाला. कारण आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे मी होते. दुसरं कुणी त्याला हातसुद्धा लावत नव्हतं.

आमचं घर पाटोद्याला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढं दुकान, मागं घर, मधे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नपत्रिका छापायचे. महेशदादा छपाईचं मशीन चालवायचा, आणि मजकूर बसवायचं काम माझ्याकडं. सकाळी आप्पांची लिंगपूजा चालायची, घरभर विभूतीचा आणि बेलाचा वास असायचा, आणि ती संपल्याशिवाय चहाचं भांडंही चुलीवर चढायचं नाही. पूजा झाली की आप्पा विभूतीचं बोट कॉम्प्युटरच्या डोक्यालाही लावायचे. समोरच्या गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा, मागून येसरच्या आमटीला फोडणी बसायची, ठसका दुकानापर्यंत यायचा, आणि गिऱ्हाईक शिंकत शिंकत आत शिरायचं. लाइट आली की सगळी गल्ली "आली, आली" म्हणायची. मग मी पदराला हात पुसून खुर्चीवर बसायची. ते जुनं मशीन सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात माझी भाकरी खाऊन व्हायची. बीडहून कुणाचं तरी वापरलेलं आणलं होतं. आधी दादाला शिकवून बघितलं, त्याला जमेना. मी दहावी होऊन घरात बसले होते, मला जमलं. पहिल्या पत्रिकेवर माझ्या हातचा मजकूर छापून आला तेव्हा आप्पा कुणाला तरी म्हणाले होते, "आमच्या पोरीनं केलंय." हे वाक्य मी पुढं लई दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

आमच्याकडं लग्नपत्रिका म्हणजे नवरा-नवरीचं काम कमी आणि भावकीचं जास्त. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, थोरला कोण, मधला कोण, कारभारी कोण, यावरून मांडवात रुसवेफुगवे व्हायचे. म्हणून गिऱ्हाईक आलं की नावं सांगत बसायचं नाही. म्हणायचं, "मागच्यासारखीच काढा, फकस्त नवरी बदला." मी त्या घराची फाइल उघडायची, नवरी बदलायची, तारीख बदलायची. मधल्या काळात कुणी गेलं असलं तर त्याच्या नावाआधी कै. लावायचं, त्याच्या बायकोच्या नावाआधीचं सौ. काढून श्रीमती करायचं. कुणाची वाटणी होऊन बोलणं बंद झालं असलं तर त्याचं नाव गाळायचं. आणि इथं आप्पांचा एक कायदा होता. बदल करायच्या आधीची फाइल पुसायची नाही, 'जुनं' नावाच्या फोल्डरमधे त्याच नावानं ठेवून द्यायची. मी एकदा विचारलं होतं, जुन्याचं काय लोणचं घालायचं? तर म्हणाले, "भांडणं मिटतेत, शिवे. मिटल्यावर माणूस परत येतो. तवा त्याला, तुमचं त्या भावाचं नाव काय होतं, असं इचारायचं का? गुपचूप जुनं काढून द्यायचं." त्यामुळं प्रत्येक घराच्या दोन फायली होत्या, एक चालू आणि एक भांडणाआधीची.

वहिनी आली त्या वर्षी दिवाळीला आप्पांनी नवा कॉम्प्युटर घेतला. रंगीत स्क्रीनचा. मी कितीतरी दिवस मागत होते, तेव्हा 'बघू', 'कारखाने सुटू दे', 'लग्नसराई होऊ दे' चाललं होतं. पाडव्याला पूजा मांडली. मी नवं पातळ नेसून उदबत्ती पेटवून उभी राहिले, कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं की कुंकू मीच लावणार. आप्पांनी ताम्हण उचललं आणि माझ्या डोक्यावरून पुढं वहिनीच्या हातात दिलं. "सूनबाई, तुमच्या हातानं होऊ द्या." वहिनीनं कुंकू लावलं, नारळ दादानं फोडला, आणि मी उदबत्ती फिरवली. मग आप्पा खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत सहज म्हणाले, "शिवे, तुझ्या मशीनमधलं सगळं हिला काढून दे. जुनं मशीन चकलांब्याचे गुरुजी न्यायला येणार हायेत." मी हो म्हटलं. प्रसाद मात्र मी खाल्ला नाही, गाईला घातला.

हल्ली माझी लेक नवा फोन आणते, जुन्याच्या शेजारी ठेवते आणि चहा टाकायला जाते. चहा उकळेपर्यंत सगळं इकडचं तिकडं झालेलं असतं, मुलांचे फोटो, नंबर, सगळं. मी तिला म्हणते, बाई, तुला बरंय, तुझा जीव तरी जळत नाही. तेव्हा आमच्याकडं फ्लॉपी होत्या. चौकोनी, चपट्या, खिशात मावणाऱ्या, आणि एकीत जेमतेम एखाद्या गावाच्या पत्रिका बसायच्या. दोन टेबलं समोरासमोर लावली होती. या बाजूला माझं पिवळट पडलेलं मशीन आणि मी, त्या बाजूला नवं मशीन आणि ती. लाइट असायची दुपारी. आई मागं कांडप घेऊन बसलेली, मुसळाचा आवाज, गिरणीचा आवाज, आणि मधे फ्लॉपीचा कुरकुर आवाज. मी भरायची, तिच्या हातात द्यायची, ती तिकडं उतरवून रिकामी परत द्यायची. लिंबागणेश गेलं, चकलांबा गेलं, एकेक गाव माझ्या हातातून तिच्या हातात चाललं होतं. घरातलं सोनं सुनेला घालताना नणंदेला कसं वाटतं ते लोकांना समजतं. हे कुणाला समजणार?

त्यात ती चांगली. हेच मला सोसत नव्हतं. एका दुपारी फ्लॉपी हातात धरून म्हणाली, "शिवाताई, इतकं सगळं तुमी एकटीनं केलंय? मला तर डिप्लोम्याला एक पत्र बसवता बसवता नाकी नऊ आले होते." आता याला काय म्हणावं? ती टेचात वागली असती तर मी आईजवळ जाऊन चार शब्द बोलले असते. हिनं बोलायलाही जागा ठेवली नाही. मी म्हटलं, "तुमच्या डिप्लोम्यात भावकी नसंल." ती मनापासून हसली, आणि मला आणखी राग आला. मग तिनं विचारलं, "ही दोन-दोन कावून हायेत, एकाच नावाची?" मी सांगितलं, एक चालू आणि एक जुनं, दोन्ही न्यायची, वेगवेगळी ठेवायची. नीट सांगितलं. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलोच होतो तर आईनं पडद्याआडून हाक मारली. मला बघायला पाहुणे आले होते. सांगून नव्हते आले, पाटोद्याच्या बाजाराला आले आणि जाता जाता वळले. मला उठवून न्हाणीत ढकललं, वहिनीचंच लग्नातलं पातळ नेसवलं, कारण माझं पाडव्याचं पातळ आईला साधं वाटलं. त्या पातळात मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि पडद्याच्या पलीकडं माझ्या खुर्चीवरून उठून तिच्या खुर्चीवर, पुन्हा माझ्या खुर्चीवर अशी वहिनी एकटी दोन्ही मशीनं सांभाळत होती. फ्लॉपीचा कुरकुर आवाज मला ऐकू येत होता. मुलाकडच्या बाईनं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मी म्हटलं, "येतो." कॉम्प्युटर येतो का असं कुणी विचारलं नाही. पाहुणे उठले तेव्हा लाइट गेली होती. वहिनी घाम पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "झालं एकदाचं. लाइट जायच्या आत सगळं बसलं." पुढच्या आठवड्यात गुरुजी टेम्पो घेऊन आले आणि माझं मशीन घेऊन गेले. आईनं शिवलेलं कापडी झाकणसुद्धा त्याच्यावरच गेलं.

त्यानंतर मी दुकानात काय करत होते? पाकिटं. पत्रिका दुमडायची, पाकिटात घालायची, कोपऱ्याला हळदीचं बोट लावायचं. आणि समोर वहिनी रंगीत स्क्रीनपुढं बसलेली, गिऱ्हाईक तिच्या खुर्चीमागं उभं राहून "व्वा, व्वा" करणारं. गणपती आता लाल-पिवळा दिसायचा ना. ऊसतोडीला गेलेली माणसं परतली, कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, आणि लग्नं निघाली. बाया आत येऊन मला म्हणायच्या, "आगं, तू इकडं कशी? तिकडं कोण बसलीय?" मी सांगायची, "आमची वहिनी हाय." गोड आवाजात सांगायची. रात्री जेवताना आईनं तिच्या येसरचं कौतुक केलं की मी म्हणायची, मीठ जास्त झालंय. नसायचं झालेलं.

मग एके सकाळी लिंबागणेशचे रामभाऊ आले. त्यांच्या लेकीचं लग्न होतं, पत्रिका परवाच घेऊन गेले होते. "मागच्यासारखीच काढा" म्हणाले होते, आणि प्रूफ दाखवलं तर चष्मा नाही म्हणून न वाचताच बरंय म्हणाले होते. आता गठ्ठा काखेत तसाच होता. खुर्ची दिली तर बसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, पहिली पत्रिका गणपतीला ठेवायला गेलतो. सगळं घर संगं होतं. पुजाऱ्यानं मोठ्यानं वाचली. आमच्या थोरल्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली. तुमी त्याला जित्ता केलात. आन् आमच्या वहिनीला सौभाग्यवती." आप्पांनी पत्रिका हातात घेतली. मी पाकिटं सोडून उठले आणि त्यांच्या खांद्यावरून बघितलं. खरंच, 'श्री.' आणि 'सौ.', दोघं जोडीनं निमंत्रण देत होते. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पाहुण्यांच्या त्या दुपारी घाईत वहिनीनं 'जुनं' फोल्डर आधी उतरवलेल्या चालू फायलींच्याच जागी उतरवलं होतं. नाव एकच, म्हणून मशीननं विचारलं असणार, आहे त्याच्यावर ठेवू का? हिनं सगळ्याला हो म्हटलं. जुनं सगळं नव्यावर बसलं होतं. गेलेली माणसं परत आली होती आणि तुटलेले भाऊ पुन्हा एका ओळीत.

"आमची वहिनी काय म्हणली?" रामभाऊंनीच स्वतःला विचारल्यासारखं केलं. "काईच न्हाई. पत्रिका घेतली आन् देवळाच्या मागं जाऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं. ह्ये कुणी बसवलं, आप्पा?"

मला आनंद झाला. कशाला खोटं बोलू? त्या बाईचं वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी आनंद झाला. सापडली एकदाची खोट. वहिनी खुर्चीत तशीच होती, हात कीबोर्डवर, चेहरा पांढराफटक. मी आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिले, की आता बोलतील. कारण मागं एकदा एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली होती, आणि चूक तर गिऱ्हाइकानंच सांगण्यात केली होती, तरी आप्पांनी मला भरल्या दुकानात झाडलं होतं. "डोळे कुठं गहाण टाकलेस?" म्हणाले होते, आणि त्या माणसाच्या पाया पडायला लावलं होतं. तेव्हा मी आता वाट बघत होते.

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. म्हणाले, "माझ्या हातनं झालं, रामभाऊ. मी बसवलं. न वाचता मशीनला दिलं. संध्याकाळपतुर दुसऱ्या काढून देतो. आन् तुमच्या वहिनीकडं मी सोता येऊन हात जोडतो." रामभाऊंनी एकदा आप्पांकडं बघितलं, एकदा स्क्रीनपुढच्या खुर्चीकडं. आप्पांना कॉम्प्युटर सुरू करता येत नाही हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. रामभाऊंनी गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "च्या तरी पाजा मंग."

आमच्या दुकानात छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत तारेला ओवून ठेवायची पद्धत होती. त्या तारा उतरवून दादा, वहिनी आणि मी मिळून फायली पुन्हा सुधारल्या. वहिनी डोळे पुसत पुसत टाइप करत होती, मी नावं वाचून दाखवत होते. आप्पा त्याच दिवशी लिंबागणेशला जाऊन आले. तिला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट आईला सांगितलं, "सूनबाईनं सकाळपासनं काई खाल्लं न्हाई, तिला धपाटं दे." ते ऐकून माझं डोकं फिरलं. आप्पा मोरीत पाय धूत होते, तिथं जाऊन उभी राहिले.

"मला भर दुकानात बोलला होतात. पाया पडायला लावलं होतं. तिला का न्हाई?"

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. "तुला बोललो त्या दिवशी काय केलंस तू?"

"रडले."

"रडलीस, ताट सारलंस, उठून गेलीस. मंग मी हाक मारली, तर येऊन माझ्याच ताटात जेवलीस. हिला बोललो तर ही कुणाच्या ताटात जेवंल?"

"म्हणजे मी घरची म्हणून मला झाडायचं, आन् ती परक्याची म्हणून तिला धपाटं?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "तसंच हाय."

लोक म्हणतात बापाचं असं बोलणं म्हणजे केवढं प्रेम. असेल. मला तेव्हा पटलं नाही, आणि आज केस पिकले तरी पूर्ण पटलेलं नाही. मला तेव्हा ताट नको होतं, खुर्ची पाहिजे होती. म्हणून मी तेच मागितलं. म्हटलं, "मंग मला बसू द्या नव्या कॉम्प्युटरवर. बघा, माझ्या हातनं एक चूक झाली तर सांगा." आप्पा बराच वेळ पाय पुसत राहिले. पाय कोरडे झाले होते तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "शिवे, पाहुण्यांचा होकार आलाय. पावसाळ्याच्या आधीच बार उडवा म्हणतेत. तू बसून काय करणार आता? गिऱ्हाईक तिच्या हाताला लागू दे."

मी तिथून पडद्यापर्यंत आले. दुकानात वहिनी काम करत होती. तिच्या पाठीवर वेणी होती, तिला मोगऱ्याचा गजरा होता. दादानं आणला असणार. मी उभी राहून त्या वेणीचा, त्या खुर्चीचा, त्या लाल-पिवळ्या गणपतीचा इतका हेवा केला की माझं मलाच पोट दुखायला लागलं. नवऱ्याकडचं घर चांगलं होतं, शेती होती, मुलगा निर्व्यसनी होता, सगळं होतं. तिथं कॉम्प्युटर नव्हता, आणि मला तिथं कुणी बसायला सांगणार नव्हतं.

माझी पत्रिका वहिनीनं काढली. दुसरं कोण काढणार? दुपारची लाइट होती. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. तिनं आमच्या घराची फाइल उघडली. आमच्या घराची शेवटची पत्रिका श्रावणातल्या अभिषेकाची होती, ती माझ्या मशीनवर मी काढलेली. त्यात घरच्या नावांच्या ओळीत आप्पा, आई, दादा आणि दादाच्या खाली मी स्वतःचं नाव टाकलं होतं, वहिनीच्या वर. नेमानं सुनेचं नाव दादाच्या शेजारी पाहिजे. मी मुद्दाम मधे घुसले होते आणि घरात कुणी हटकलं नव्हतं. वहिनीनं वर नवरीच्या जागी 'चि. सौ. कां. शिवकन्या' टाइप केलं, नवऱ्याचं नाव टाकलं, तारीख टाकली. मग खाली आली आणि घरच्या ओळीत माझ्या नावापाशी थांबली.

"शिवाताई," ती म्हणाली, "राहू द्यायचं का हे? कोण बघतंय?"

"नवरीचं नाव दोनदा येत न्हाई पत्रिकेवर," मी म्हटलं. "काढ."

"मी खाली वेगळ्या ओळीत टाकते."

"वहिनी, काढ."

तिनं बोट दाबलं. माझी ओळ गेली आणि तिच्याखालची सगळी नावं एकेक पायरी वर सरकली. जिथं 'कु. शिवकन्या' होतं तिथं 'सौ. राजश्री' येऊन बसलं. दादाच्या खाली, लागून, मधे काही नाही. तिनं काही केलं नव्हतं, मशीनचं ते कामच आहे. तरी ती स्क्रीनकडं न बघता माझ्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, पण मी ते तिला दिसू दिले नाहीत.

"लाइट जाईल," मी म्हटलं. "सेव्ह कर."